कापलेले श्वास

ताईला खोकला लागला तेव्हा सगळ्यांनी आधी तिच्यावरच संशय घेतला. डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट ओढता का?" सासूबाईंनी विचारलं नाही, पण सून कामावरून आली की तिच्या कपड्यांचा वास घ्यायला लागल्या. स्टुडिओच्या मालकांनी तर तोंडावर सांगितलं, "वय झालं की आवाज फाटतोच, ताई. मनाला लावून घेऊ नका." चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या बाईला असं बोलायचं, आणि वर मनाला लावून घेऊ नका! जन्मात सिगारेटला हात न लावलेल्या ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. पण भांडायचं म्हटलं तरी दम लागतो, ही तर खरी पंचाईत होती.

ताईचं पोट आवाजावर चालायचं. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये मजला सांगणारी बाई म्हणजे ताई. बँकेला फोन केल्यावर लोकांना ताटकळत ठेवणारी गोड बाईही तीच. नवरा चिडवायचा, "घरात तुझं कुणी ऐकत नाही, पण तू सांगितल्याशिवाय गावातला एक माणूस लिफ्टमधून उतरत नाही." पूर्वी ताई यावर खळखळून हसायची. आता हसायला गेली की ठसका लागायचा, मग नवराच पाठ चोळत बसायचा. चेष्टा त्याने हळूहळू बंदच केली.

स्टुडिओ एका इमारतीच्या तळघरात होता. रेकॉर्डिंगची खोली मोठ्या कपाटाएवढी. खिडकी नाही, जाडजूड दोन दारं, आणि भिंतींना खालपासून वरपर्यंत करड्या रंगाचा फोम चिकटवलेला. लाल दिवा लागला की एसी बंद, कारण माइक त्याचा आवाज पकडतो. छताजवळ बाहेरची हवा आत घेणारं एक भोक तेवढं होतं. तेही घूंऽऽ करायचं म्हणून रेकॉर्डिस्टने त्यात जुनं ब्लँकेट कोंबून टाकलं होतं. रेकॉर्डिस्टचे कान असे तिखट की सगळे त्याला कानसेनच म्हणायचे. ब्लँकेट कोंबलं त्या दिवशी मालकांनी त्याची पाठ थोपटली होती. "आता टाचणी पडली तरी ऐकू येईल!" आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हे वाक्य ऐकवायचे, अगदी स्वतःच्या हाताने शांतता विणल्यासारखे. खोलीला न वाळलेल्या मोज्यांचा वास यायचा. त्यावर मालकांचा इलाज म्हणजे लिंबाच्या वासाचा फवारा. मग खोलीला लिंबू पिळलेल्या मोज्यांचा वास यायचा.

मध्ये सुट्टीत ताई भावाकडे राहून आली. तिथे खोकला असा पळाला, जणू कधी नव्हताच. ताई भावजयीबरोबर स्वयंपाकघरात गाणी म्हणत होती, जिने चढत होती. परत येऊन लाल दिव्याखाली बसली, आणि दुपारच्या आत छातीवर कुणीतरी पाट ठेवून बसल्यासारखं झालं. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तडक मालकांकडे गेली आणि म्हणाली, "मला ही खोली बाधतेय. फोम काढून भिंत बघा एकदा."

"ताई, या खोलीत बाकीचेही काम करतात. कुणाची तक्रार नाही."

"बाकीचे दहा मिनिटं येऊन जातात. मी दिवसभर आत असते."

"आणि रेकॉर्डिंग तर स्वच्छ येतंय तुमचं! दम लागतो म्हणता, मग तो ऐकू कसा येत नाही?"

रेकॉर्डिंग खरंच स्वच्छ यायचं. तिला स्वतःलाच वाटायला लागलं की आपल्या मनाचेच खेळ असतील.

मग ते काम आलं. लोकांना मन शांत करायला शिकवणारं एक अॅप होतं. ताईने मंद आवाजात सांगायचं, आता खोल श्वास घ्या, आता सावकाश सोडा, आणि स्वतःही तसाच श्वास घ्यायचा. गिऱ्हाइकाची अट एकच होती, श्वास ऐकू आले पाहिजेत. एरवी या धंद्यात शब्दांमधले श्वास कापून टाकतात, म्हणजे वाचन गुळगुळीत होतं. इथे कापायचे नव्हते.

रेकॉर्डिंग झालं, आणि कानसेनाचा चेहरा उतरला. ताई बाहेर येऊन म्हणाली, "ऐकव." तो म्हणाला, "उद्या ऐकू." ताईने सरळ हात लांब करून बटण दाबलं.

शब्द तिचे होते. पण शब्दांच्या मधे कुणीतरी भलतंच होतं. फाटक्या भात्यासारखी घरघर, तिच्या शेवटाला बारीक शिट्टी, मग गिळलेला खोकला.

"ही मी आहे?"

"हो."

"कधीपासून?"

कानसेन खाली बघत म्हणाला, "बरेच महिने झाले. मी कापत होतो. सगळे घरी गेले की मागे थांबून एकेक श्वास साफ करायचो. तुमचं काम जायला नको म्हणून, ताई."

ताईला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला आला तो संताप. "मी त्या माणसापुढे ओरडून सांगतेय की मला दम लागतो, आणि तो म्हणतोय ऐकू येत नाही! कसं येईल? तू माझा दम कापून केरात टाकत होतास!"

"तुमच्या भल्यासाठीच केलं हो..."

"काम राहिलं रे माझं. छाती गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पोचली तर कानसेन बसायचा तिथल्या काचेपलीकडे, रेकॉर्डिंगच्या खोलीत, लाल दिवा लागलेला होता. अॅपचं काम द्यायला मालकांनी एक नवी मुलगी बोलावली होती. कॉलेज संपवून नुकतीच बाहेर पडलेली, हातात कागद, चेहऱ्यावर पहिल्या कामाचा आनंद. मालक तिला सांगत होते, "आधीच्या बाईंना जमेना. वय, दुसरं काय. जा आत, सगळं सुरू आहे."

मुलगी दाराकडे वळली, तेवढ्यात ताई तिच्याआधी आत शिरली. माइकमागच्या फोमचा कोपरा तिने नखाने उचकटला आणि दोन्ही हातांनी ओढला. फोम ओल्या कागदासारखा फाटला. मागची भिंत काळी होती. ओलीने फुगलेली, आणि तिच्यावर केसाळ बुरशीचे थरच्या थर. वास असा आला की दारातल्या मुलीने कागद नाकाला लावला. ताईला खोकल्याची उबळ आली. ती भिंतीला न टेकता, माइकचा दांडा धरून उभी राहिली.

दारं उघडीच होती. मालक काचेपलीकडून ओरडले, "कुणाला विचारून फाडलंत? भरून कोण देणार?"

ताई माइकमध्येच बोलली. "आत या. दार लावून घ्या. या पोरीचं रेकॉर्डिंग होईल तेवढा वेळ माझ्याशेजारी बसा. बसलात तर मी आयुष्यात या खोलीचं नाव काढणार नाही."

"मला कामं नाहीत का?"

"या ना. खोली चांगली आहे म्हणता."

"तुम्हाला माहीत आहे, मला अॅलर्जी आहे!" मालक तावातावाने म्हणाले. "मी तिथे पाच मिनिटं बसलो तरी छाती भरून येते माझी. म्हणून तर मी कधी आत येत नाही!"

बोलून गेल्यावर त्यांना कळलं काय बोललो ते. तळघरात अशी शांतता पसरली की टाचणी पडली असती तर खरंच ऐकू आली असती.

मुलीने हातातला कागद नीट घडी करून टेबलावर ठेवला. "मला नको हे काम," ती म्हणाली. मालकांकडे न बघता जिना चढून गेली. तिच्या चपलांचा आवाज वरपर्यंत ऐकू आला.

ताईने काचेतून कानसेनाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. लाल दिवा अजून चालूच होता.

"हे सगळं रेकॉर्ड झालं का रे?"

कानसेनाने मान हलवली. झालं होतं.

"मग यातलं काहीही कापू नकोस," ताई म्हणाली. "माझा खोकलासुद्धा."