कामाला आणि कधीमधी गेमला

लोणखेड्यात हेमकांतला विचारल्याशिवाय कोणी मोबाइलचं कव्हरसुद्धा घेत नाही, असं हेमकांतचं मत होतं. गावाचं मत कोणी विचारलं नव्हतं. गडी कॉलेजच्या ऑफिसात कारकून. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाटता ओढता येतो, एवढ्या भांडवलावर त्याने स्वतःची कॉम्प्युटरचा जाणकार म्हणून नेमणूक करून टाकली होती. त्या नेमणुकीवर हरकत घेऊ शकेल अशी घरात एकच व्यक्ती होती, त्याची बायको चारुलता. पण ती पडली खऱ्या कामाची, तिला हरकती घ्यायला वेळ कुठला!

मधल्या खोलीत खिडकीशी टेबल टाकून चारुलता पुण्याच्या एका कंपनीसाठी विम्याचे दावे तपासायची. एकीकडे हॉस्पिटलचं बिल, दुसरीकडे कंपनीचा फॉर्म, आणि बिलातली ओळ न् ओळ फॉर्मशी जुळते का ते पाहायचं. हे सगळं चौदा इंची लॅपटॉपवर. बिल उघडलं की फॉर्म झाकला जायचा आणि फॉर्म उघडला की बिल. मधल्या दीड सेकंदात आकडा डोक्यात धरून ठेवायचा, आणि नेमकी तेव्हाच सासूबाईंची, वत्सलाबाईंची हाक यायची, "चारू, गॅस बंद करी दे वं!" की गेला आकडा. मार्च महिन्यात तिच्या अकरा चुका निघाल्या.

तिच्या गटाची प्रमुख रूपाली. तिने पुण्याहून फोन केला. "चारुलता, एप्रिलमध्ये पाचच्या आत आण गं. पाचवी चूक झाली की घरून काम बंद, इथे ऑफिसात येऊन बसावं लागेल. वरून तसाच आदेश आहे. आणि एक मोठा मॉनिटर घे ना बाई. त्या डबीवर कशी वाचतेस तू?"

घरदार सोडून पुण्याला जाऊन बसणं तिला शक्य नव्हतं, म्हणजे नोकरीच सोडायची. आणि ही नोकरी चारुलताला जिवापाड प्रिय होती. गावात ती वत्सलाबाईची सून होती, हेमकांतची बायको होती, शाळेच्या दारात पोरीची मम्मी होती. सकाळी नऊ वाजता तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारणारं जगात एवढंच एक ठिकाण होतं, आणि ते आता चार चुकांवर टांगलेलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "मले एक मॉनिटर लेवाना शे. उद्या शहादाले जाई येस."

हेमकांतचा घास हातातच राहिला. "तू? तुले त्यामा काय समजस? मी शे ना! पैसा तुन्हा, निवड मन्ही."

चारुलता गप्प बसली. ही तिची चूक. मार्चच्या अकरा चुकांत धरलेली नव्हती, पण त्या अकरांना भारी पडेल अशी होती.

मग हेमकांतने अभ्यास सुरू केला. असा अभ्यास त्याने बारावीला केला असता तर आज प्रिंटरमधले कागद दुसऱ्या कोणी ओढले असते. सकाळी दात घासताना एक व्हिडिओ, ऑफिसात दोन, आणि जेवताना तर ताटाला टेकवून. पॅनल कोणतं, हर्ट्झ किती, रंग किती कोटी, याच्यावर त्याने म्हसावदच्या आपल्या मावसभावाशी फोनवर एवढं कडाक्याचं भांडण केलं की आठ दिवस दोघं बोलत नव्हते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातली गत. खोलीत उजेड किती येतो ते त्याने पाहिलं, भिंतीचा रंग पाहिला, टेबलाची लांबी टेपने मोजली. बायको दिवसभर त्या टेबलाशी बसून वाचते काय, एवढं एक विचारायचं राहून गेलं.

दुकानदार असो, मावसभाऊ असो की व्हिडिओतला कोणी दाढीवाला, हेमकांतचं मागणं एकच. "घरून काम, नि कधीमधी गेम." या कधीमधीची हकीकत अशी की माडीवर त्याचा स्वतःचा कॉम्प्युटर होता. ऑफिसातून साडेसहाला आला की तो वर चढायचा आणि धडाधड बंदुका सुरू व्हायच्या. रविवारी पोहे खाऊन चढायचा. कधीमधी जेवायला खाली यायचा.

चौदा एप्रिल उजाडला. चारुलताच्या तोवर तीन चुका झाल्या होत्या, आणि तिसरी तर अशी की तिची तिलाच लाज वाटावी. सहा सिरिंजचे तिने साठ वाचले होते. हेमकांतला सुट्टी होती. दुपारी गाडीतून खोकं उतरलं. खोकं कसलं, लग्नातल्या कपाटाचं दारच ते. आतून निघाला चौतीस इंची, दोन्ही कडांनी आत वळलेला, मागे लाल दिवा लागणारा मॉनिटर.

वत्सलाबाई पदराला हात पुसत आल्या. "ओ माय! कसा पसरेल शे, म्हैस पसरस तसा!" म्हणत त्यांनी नारळ फोडला, आणि कोणी काही म्हणायच्या आत ओल्या कुंकवाच्या बोटाने पडद्यावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. नवी वस्तू कोरी कशी ठेवायची?

"माय, काय करी ऱ्हायनी!" हेमकांत किंचाळला. त्याने ओलं फडकं घेऊन घासलं. स्वस्तिक गेलं आणि वरच्या कोपऱ्यात टीचभर गुलाबी ढग पसरला, तो काही जाईना. वत्सलाबाईंना मात्र तो शुभच वाटला.

लॅपटॉप जोडला. चारुलताने मोठ्या आशेने एक बिल उघडलं. अक्षरं अशी उमटली, जणू टिपकागदावर लिहिलीत. बिलातले रकाने कडेला जाऊन वाकत होते आणि माउस हलवला की बाण मागून रमतगमत यायचा. तिचा लॅपटॉप पाच वर्षांचा. एवढ्या अवाढव्य पडद्याला पुरेसं चित्र पाठवणं त्याच्या आवाक्यातलं नव्हतं. हेमकांतने तासभर मागची बटणं दाबली, दोनदा केबल काढून फुंकर मारली आणि निकाल दिला.

"मॉनिटर एक नंबर शे. तुन्हा लॅपटॉपमाच दम नही."

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण चारुलताच्या ओठावर आली होती, पण तेवढ्यात तो पुढचं बोलून गेला. "तुले नवा लॅपटॉप लेतस. तवलोंग हाऊ माडीवर ठेवतस. इठे धूळ लागी."

पिठाचा डबा फडताळावरून काढायला कंबर धरते म्हणणारा हा माणूस, तो मॉनिटर छातीशी धरून एकटा जिना चढला. अर्ध्या तासात वरून बंदुका ऐकू यायला लागल्या. आता त्या चौतीस इंची होत्या.

चारुलता खाली आपल्या चौदा इंचासमोर बसली होती. तिला हेमकांतचा राग आला, तो तर रोजचाच. खरा राग स्वतःचा आला. डोळे आपले, काम आपलं, नोकरी आपली, आणि निवडायला बसवलं कोणाला, तर ज्याने तीन वर्षांत एकदाही पाठीमागे उभं राहून पाहिलं नाही की ही बाई करते काय! सतरा तारखेला चौथी चूक झाली. महिन्याचे तेरा दिवस बाकी होते आणि चूक एकही शिल्लक नव्हती.

अठराला तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. लॅपटॉप पिशवीत घातला आणि रिक्षाने शहाद्याला धुडकूभाऊंच्या दुकानात गेली. धुडकूभाऊ कॉम्प्युटर विकायचे आणि दुरुस्तही करायचे. त्यांनी तिला पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

"वहिनी, सर नही उनात?"

"नही."

"मंग सरले फोन लावू का? कोणता लेवाना ते सांगतीन."

"सरले काबर? वाचानं मले शे."

धुडकूभाऊंनी तरी रिवाजाप्रमाणे आधी रंगीबेरंगी दिव्यांचा एक पुढे केला. चारुलताने दिव्यांकडे पाहिलंच नाही. तिने लॅपटॉप काढून त्याला जोडला, कंपनीने शिकाऊ लोकांना दिलेलं सरावाचं बिल उघडलं आणि सगळ्यात बारीक अक्षरांची ओळ मोठ्याने वाचायला लागली. "सलाईन सेट दोन... हातमोजे चार जोडी..." अडखळली. "दुसरा दाखाडा." दुसऱ्यावर वाचलं, तिथे डोळे मिचकवावे लागले. दुकानात टोनर भरायला आलेला एक मास्तर हसायला लागला. चारुलताने तिकडे लक्ष दिलं नाही. दुकानात लोक मॉनिटरवर सिनेमाचा तुकडा बघतात, वाघ बघतात, फुलं बघतात. बिल वाचून बघणारं गिऱ्हाईक धुडकूभाऊंनी पहिल्यांदाच पाहिलं.

तिसरा मॉनिटर फळीवर कडेला होता. चोवीस इंची, काळा, ना दिवे ना नक्षी. त्यावर तिने ती ओळ एका दमात वाचली. पुन्हा वाचली. औषधाच्या नावातलं टिंबसुद्धा दिसत होतं.

"हाऊ कसा शे?"

धुडकूभाऊ जरा ओशाळले. "चांगला शे, पन कोणी लेत नही वहिनी. यान्ही मान फिरस. लोकेसले वाटस, तुटेल शे." आणि त्यांनी पडदा धरून गर्रकन उभा केला.

चारुलता बघतच राहिली. अख्खं बिल एका नजरेत आलं. वर हॉस्पिटलचं नाव, खाली डॉक्टरची सही, आणि मधली एक ओळही लपलेली नाही. शेजारी लॅपटॉपवर फॉर्म उघडाच होता. झाकाझाकी नाही, आकडा डोक्यात धरणं नाही. तीन वर्षं ती ज्याच्यासाठी डोळे फोडत होती ते एवढं साधं होतं, याचा तिला आनंद झाला आणि वाईटही वाटलं.

"हाऊच," ती म्हणाली.

घरी हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. "टीव्ही उभा कोण ठेवस वं माय?" म्हणत वत्सलाबाई कुंकवाची वाटी घेऊन निघाल्या, तेव्हा सुनेने त्यांचा हात धरून मागच्या दांड्यावर टिकली लावून घेतली. हेमकांत तर पोट धरून हसला.

"साठ हर्ट्झ! नि उभा! यान्हावर गेम कशी खेयतीन?"

"नहीच खेयता येत."

"लोके हासतीन!"

"हासू द्या," चारुलता म्हणाली आणि कामाला बसली.

एप्रिल संपला तेव्हा चुका चारच होत्या. रूपालीचा फोन आला. "तेरा दिवसांत एकही नाही? काय जादू केलीस?" जादू कसली, आडवं होतं ते उभं केलं, असं चारुलताने सांगितलं. रूपालीला काही कळलं नाही, पण घरून काम चालू ठेवण्याचा मेल दुपारी आला. चारुलताने तो तीनदा वाचला, मग दार लावून घेऊन थोडं रडली.

आता खरी गंमत. मे महिन्यात हेमकांत कॉलेजात सांगत फिरायला लागला की घरून काम करणाऱ्याने मॉनिटर घ्यावा तर मान फिरणारा, उभा करता येणारा. "आमना घर तोच शे. तीन आठवडा अभ्यास कया मी." आयत्या बिळावर नागोबा असतो हे खरं, पण बीळ आपणच खणलं असं निदान नागोबा तरी सांगत नाही.

त्याची कीर्ती ऐकून एका रविवारी ब्राह्मणपुरीचे रेवजीभाऊ आले. त्यांच्या आंडेरला, म्हणजे पोरीला, घरबसल्या हिशेब तपासण्याचं काम मिळालं होतं. चहा आला, हेमकांतने मांडी ठोकली आणि पॅनलपासून सुरुवात केली. रेवजीभाऊ माना डोलवत होते. मधल्या खोलीत बसलेली चारुलता दहा मिनिटं ऐकत राहिली. मग उठून दारात आली.

"भाऊ, काम कोण करी? तुम्ही का आंडेर?"

"आंडेर करी, वहिनी."

"डोया कोना जातीन?"

"तिनाच."

"मंग तुम्ही काबर उनात? तिले धाडा ना."

"चारू, मी सांगी ऱ्हायनू ना त्यासले..." हेमकांत म्हणाला.

रेवजीभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं, मग उघड्या दारातून आतल्या उभ्या पडद्याकडे पाहिलं, त्यावरची कामाची बारीक अक्षरं पाहिली. त्यांनी कप खाली ठेवला.

"कव्हय धाडू, वहिनी?"

"उद्या दुपारले. रोज जे वाचस ते संगे लई ये म्हना."

"बरं," म्हणून रेवजीभाऊ उठले. हेमकांत पॅनलवरच थांबला होता. पुढे काय, हे त्याला कोणी विचारलं नाही.