दाजी पाणी पीत नाहीत

काडीला दाजींची कीव कधीच आली नाही. राग यायचा, हसू यायचं, आणि सकाळी सकाळी गच्चीवर दाजी बाटलीचं झाकण उघडून तो लालभडक रस घटाघटा प्यायला लागले की चक्क किळस यायची. पिऊन झालं की दाजींच्या ओठांवर लाल मिशी उमटायची. ती जिभेने साफ करून ते म्हणायचे, "वजन उतरतंय रे. आतून कळतं."

"आतून कळतंय. बाहेर कधी दिसणार?"

"तू काडी आहेस. तुला वजनातलं काय कळतंय?"

दाजी म्हणजे काडीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. हे दोघं मिळून एका उंच इमारतीच्या काचा बाहेरून पुसायचे. गच्चीवरून लोखंडी दोरांना पाळणा टांगलेला, पाळण्यात दोन माणसं, साबणाच्या पाण्याच्या दोन बादल्या, वायपर, फडकी. बटण दाबलं की पाळणा खाली सरकतो, दुसरं दाबलं की वर. ही दोन बटणं दाबायला परवान्याचं कार्ड लागतं. ते दाजींच्या गळ्यात लटकत असायचं, अगदी पदक मिळाल्यासारखं. कार्डासाठी परीक्षा असते. काडीने ती कधी दिली नाही. जी परीक्षा दाजी पास झाले ती काय परीक्षा असणार, असं त्याचं म्हणणं.

पण काच पुसण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं. एका ओढीत काच कोरडी, कडेला थेंब नाही. आणि त्याला वरच आवडायचं. वारा असतो, डोक्याशी कटकट नाही, आणि काचेपलीकडे टाय लावलेली माणसं तोंड हलवत बसलेली असतात, आवाज मात्र शून्य. फुकटची करमणूक. खाली उतरायचं म्हटलं की त्याचं तोंड आंबट व्हायचं.

पाळण्याला नवीन वजनयंत्र बसवलं आणि पंचाईत सुरू झाली. वजन जास्त झालं की भोंगा वाजतो आणि पाळणा जागचा हलत नाही. पहिल्याच दिवशी काडी आत चढला, भोंगा गप्प. बादल्या ठेवल्या, गप्प. दाजींनी एक पाय आत टाकला आणि भोंग्याने अशी बोंब ठोकली की गच्चीवरची कबुतरं उडाली.

"यंत्र बिघडलंय," दाजी म्हणाले.

"हो ना. नेमकं तुमच्याच पायाने बिघडतं."

"जास्त बोलू नकोस. पाणी ओत."

काडीने अर्धी बादली ओतली. भोंगा चालूच. दुसरीतलीही अर्धी ओतली, तेव्हा कुठे गप्प झाला. मग रोजचंच झालं. अर्ध्या पाण्यात एवढी इमारत पुसायची म्हणजे वरच्या मजल्याचा मळ खालच्या मजल्याला फासायचा. महिनाभरात तक्रारी आल्या. एका मजल्यावरच्या मॅडमनी लिहून दिलं की आमच्या काचा पुसण्याआधी जास्त स्वच्छ असतात.

मग सुपरवायझर वर आला. त्याच्या कमरेचा वॉकीटॉकी सतत खरखरायचा, म्हणून पाठीमागे सगळे त्याला खरखरच म्हणायचे.

"पुढच्या महिन्यातल्या पहिल्या सोमवारी मी इथे उभा राहणार," तो म्हणाला. "दोन्ही बादल्या काठोकाठ भरायच्या. तुम्ही दोघं आत. भोंगा वाजला तर एक जण तळघरात, गाड्यांची जागा धुवायला."

काडीने दाजींच्या पोटाकडे बघितलं आणि गालात हसला.

"तू कशाला हसतोस?" खरखर म्हणाला. "ऑपरेटरला काढून पाळणा काय मी चालवू? कार्ड आहे तुझ्याकडे? तळघरात तू जाणार. तुझ्या जागी चिमणी मावशी येईल. भिजली तरी तिचं वजन भरणार नाही."

चिमणी मावशी म्हणजे खाली लॉबी पुसणारी बाई. एवढीशी. तिच्यापेक्षा तिचा झाडू उंच.

काडीचं हसू तोंडातच वाळलं. खायचं दाजींनी, फुगायचं दाजींनी, आणि अंधाऱ्या तळघरात जायचं काडीने, ज्याच्या बरगड्या शर्टावरून मोजता येतात! आणि दाजी काय करत होते? बाटलीचं झाकण लावत होते.

त्याच संध्याकाळी तो ताईच्या घरी गेला. स्वयंपाकघरात ज्यूसरची घरघर चालू होती. ओट्यावर संत्री, गाजरं, बीट, द्राक्षं, सफरचंदं, आणि कचऱ्याच्या डब्यात चोथ्याचा डोंगर. डॉक्टरांनी दाजींना एवढंच सांगितलं होतं की गोड चहा आणि कोल्ड्रिंक बंद करा आणि तहान लागली की पाणी प्या. ताईने त्यातलं पहिलं अर्धं ऐकलं आणि लगेच मशीन आणलं.

"ताई, एका ग्लासात किती संत्री जातात गं?"

"सहा-सात."

"दाजी एका बैठकीत सात संत्री खातील?"

"सोलून कोण देणार?"

"म्हणजे खाणार नाहीत. मग पाजतेस कशाला? ज्याने पोट भरतं ते डब्यात टाकतेस, आणि साखर तेवढी नवऱ्याला देतेस."

"फळातली साखर वेगळी असते. ती झाडाने केलेली असते."

"झाडाला काय माहीत दाजींचं पोट!"

"हे बघ," ताई मशीन बंद करून म्हणाली, "ते दुपारचं जेवत नाहीत. तुझ्यासारखे डबा उघडून बसत नाहीत. नुसत्या रसावर आहेत बिचारे."

"बिचारे पाच ग्लास पितात. त्यापेक्षा जेवले असते तर परवडलं असतं."

आतल्या खोलीतून दाजींचा आवाज आला, "त्याच्या का पोटात दुखतंय? त्याला पण दे एक ग्लास!"

ताईने खरंच दिला. काडीने एक घोट घेतला. दात शिवशिवले. हा रस नव्हता, वितळलेली साखरेची गोळी होती. पण ताई असं बघत होती, जणू तिने नवऱ्यासाठी स्वतःचं रक्त काढून ठेवलंय. काडीने ग्लास संपवला आणि मनात दोघांनाही एकाच माळेत ओवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने पाण्याचा कॅन वर न्यायला सुरुवात केली. थंडगार, झाकणाला पेला लावलेला. दाजी हात लावेनात. काडी म्हणायचा, "घ्या, दाजी." दाजी म्हणायचे, "राहू दे." काडी म्हणायचा, "विष नाही घातलं." दाजी म्हणायचे, "तुझा भरवसा नाही." असं आठवडाभर चाललं. तो सोमवार दोन दिवसांवर आला तेव्हा काडी चिडला.

"अहो, पाण्याशी काय वैर आहे तुमचं?"

दाजींनी इकडेतिकडे बघितलं. मग एखादं गुपित सांगावं तसा आवाज खाली आणला.

"पाण्यानेच वजन वाढतं रे."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे कुणी? रोज डोळ्यांनी बघतोस ना? भोंगा वाजला की आपण काय ओततो? पाणीच ना? ओतलं की पाळणा हलका होतो, भोंगा गप्प. मग तेच पाणी माणसात ओतलं तर काय होईल? विचार कर जरा."

काडीने विचार केला. आयुष्यात एवढी सरळ चाललेली आणि एवढी मूर्ख गोष्ट त्याने ऐकली नव्हती. वर्षानुवर्षं बादल्या उचलून माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, पाणी जड असतं. आणि ही अक्कल गळ्यात कार्ड घालून फिरते. या अकलेच्या बोटावर आपण रोज हवेत लटकतो.

"आणि रस?" त्याने विचारलं.

"रस हलका. तो रक्तात जातो."

गच्चीवरच्या खोलीत दोरांची भेंडोळी अडकवून तोलायचा काटा होता. काडीने दाजींचा हात धरला आणि तिथे नेलं. रसाने भरलेली मोठी बाटली काट्याला अडकवली. काटा कुठे थांबला तिथे नखाने खूण केली. मग म्हणाला, "आता पिऊन टाका." दाजींनी आनंदाने रिकामी केली. तीच बाटली काडीने पाण्याने काठापर्यंत भरली आणि परत लटकवली. काटा खुणेच्या अलीकडेच थांबला. एक बारीक रेघ, पण अलीकडे.

"बघा. रस जड निघाला. साखरेचं वजन असतं ते."

दाजींनी काट्याला टिचकी मारली. बाटली काढून पुन्हा लावली. काटा तिथेच. घरातलाच माणूस चोर निघावा तसा त्यांचा चेहरा झाला.

"म्हणजे दोन्ही जड," ते हळूच म्हणाले.

"दोन्ही जडच असणार. पण पाणी येतं तसं जातं..."

दाजी ऐकत नव्हते. आणि खरं सांगायचं तर काडीलाही पुढे समजावण्यात रस उरला नव्हता. दाजींचं तोंड बंद झालेलं बघण्यात त्याला जी मजा आली, ती मोडायची त्याला घाई नव्हती. तो शीळ घालत बादल्या भरायला गेला.

दाजींची लाल बाटली बंद झाली. काडीला वाटलं, जिंकलो. ताईचा फोन आला तेव्हाही त्याला तेच वाटलं.

"काय भरवलंस त्यांना? मशीन कोपऱ्यात पडलंय. रसाला हात लावत नाहीत."

"पाणी पितात ना?"

"मला काय विचारतोस? त्यांना विचार."

त्याने विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं? रस सोडला म्हणजे माणूस पाणी पिणारच, एवढी अक्कल दाजींनाही असेल असं तो धरून चालला. दाजींच्या अकलेवर त्याने ठेवलेला हा पहिला आणि शेवटचा विश्वास.

सोमवारी सकाळी दाजी गच्चीवर आले ते ओठ पांढरे, डोळे आत, पण छाती पुढे.

"काय झालं?" काडीने विचारलं.

"काही नाही. हलका झालोय." दाजी अभिमानाने हसले. "परवा रात्रीपासून ना खाणं, ना पिणं. पोटात काही नाही. रस नाही, पाणी नाही. तुझं ऐकलं बघ."

"मी असं कधी सांगितलं?"

पण खरखर आला होता. त्याच्या मागे चिमणी मावशी, पदर खोचून, काडीच्या जागेचं माप घेत. बादल्या काठोकाठ भरल्या गेल्या. काडी आत चढला. दाजींनी डोळे मिटले आणि पाय टाकला, मग दुसरा.

भोंगा गप्प.

काडीने कठडा आवळून धरला. त्याची जागा त्याच्या पायाखाली होती. खरखरने मान हलवली. "ठीक आहे. एक रांग उतरून दाखवा."

पाळणा सरकला. ऊन समोरच्या काचेवर आपटून परत तोंडावर येत होतं, भट्टीसमोर उभं असल्यासारखं. काडी वायपर ओढत होता, भरपूर पाण्याने, मनापासून. थोडेच मजले उतरले असतील, दाजी कठड्यावर रेलले.

"काच हलतेय रे."

"काच नाही, तुम्ही हलताय. दाजी? ओ दाजी!"

दाजींचा हात बटणावरून घसरला. ते बसले ते बसलेच, बादलीला पाठ टेकून. काडीने आजूबाजूला बघितलं. बादल्यांत साबण. पाण्याचा कॅन त्याने आज वर ठेवला होता, वजन नको म्हणून. काचेपलीकडे मीटिंग चालू होती. लांबलचक टेबलावर प्रत्येकासमोर पाण्याची एकेक बाटली, सीलसुद्धा न फोडलेली. काडीने काच बडवली. आतली माणसं वळली. एकाने हात हलवला. दुसऱ्याने मोबाईल काढून फोटो घेतला.

काडीने त्यांना जी शिवी दिली ती त्यांना ऐकू गेली नाही, हेच त्याला वाईट वाटलं. मग त्याने दाजींच्या अंगावरून हात पुढे टाकला आणि वर जायचं बटण दाबलं.

पाळण्याच्या कठड्याला टांगलेला वॉकीटॉकी खरखरला. "बटण कोण दाबतंय? काडी? बटण कोण दाबतंय?"

गच्चीवर दाजींना सावलीत निजवलं. मावशीने पेला भरून ओठांना लावला. दाजींनी तोंड गच्च मिटलं. "नको. जड असतं," ते पुटपुटले.

"काय असतं?" मावशीने त्यांची हनुवटी धरली. "तोंड उघड. मुकाट्याने पी."

दाजींनी तोंड उघडलं. एक पेला, मग आणखी एक, मग आणखी. लहान पोरासारखे प्यायले. काडी बघतच राहिला. आठवडाभर त्याने जो कॅन पुढे केला होता, तोच हा कॅन.

दाजी उठून बसल्यावर खरखरने निकाल दिला.

"कार्ड नसताना बटण दाबलंस. उद्यापासून तळघर."

"साहेब, भोंगा वाजला नाही!"

"नाही वाजला. पण बटण दाबलंस."

"मग काय करायला हवं होतं? यांना लटकत ठेवायचं?"

"मला कळवायचं."

काडीने दाजींकडे बघितलं. एक शब्द बोलतील, निदान एक. दाजींनी गळ्यातलं कार्ड सरळ केलं.

"नियम आहे बाबा," ते म्हणाले.

संध्याकाळी ताईच्या घरातून ज्यूसरची घरघर ऐकू येत होती. "रस बंद केला आणि चक्कर येऊन पडले," ती दारातच म्हणाली. "कुणाच्या सांगण्यावरून, ते मी बोलत नाही." काडी आत न जाता परतला. त्या घरात बसून परत तो लाल ग्लास हातात घेण्यापेक्षा तळघर बरं, असं त्याला त्या वेळी मनापासून वाटलं. सकाळी तळघराचा दिवा लावल्यावर वाटेनासं झालं.

मावशी वर जाण्याआधी त्याला पाण्याचा पाइप दाखवायला आली. नळ कुठे, चढ कुठे, तेलाचे डाग कशाने निघतात. काडीने तिला आपला वायपर दिला.

"वरचं काही सांगायचं असेल तर सांग," ती म्हणाली.

"दाजींना पाणी पाजत जा."

"मला म्हणतोस? तू का नाही पाजलंस?"

"माझ्या तोंडून पाणीसुद्धा त्यांना टोमणा वाटतं."

"मग टोमणे कमी मारायचे होते."

"त्या माणसाला?" काडीने नळ सोडला. "ते मला जमायचं नाही, मावशी."