बेटामागचा मासा

थोरल्याने मासा ओट्यावर आपटला तेव्हा मी त्याच्या तोंडात बोट घातलं नाही. तिथेच शेण खाल्लं.

चाळीस वर्षं मी या धक्क्यावर मासे साफ करते. कुणाचाही मासा येऊ दे, आधी तोंडात बोट, मग कल्ले उघडायचे, मग शेपटीवरून अंगठा फिरवायचा, आणि मगच आपलं तोंड उघडायचं. मी ‘बेटाचा’ म्हटलं की बेटाचा, ‘पिंजऱ्याचा’ म्हटलं की पिंजऱ्याचा. बेटाच्या अलीकडे एका कंपनीने पाण्यात जाळीचे मोठे पिंजरे सोडलेत. त्यात गोळ्या चारून मासे पोसतात, बसून खाणाऱ्या घरजावयासारखे. दिसायला तोच मासा, चव मात्र भिजलेल्या पुठ्ठ्याची. म्हणून हॉटेलचा आचारी माझा शब्द घेतल्याशिवाय मासा उचलत नाही. शाळेत मी दोनच इयत्ता गेले, तिसरीच्या बाई मला बघून पळाल्या असं आमचे हे म्हणायचे. पण माशाच्या बाबतीत माझा शब्द खोटा पाडणारा अजून जन्माला यायचा होता. तो मीच जन्माला घालून ठेवलाय, हे मला कुठे ठाऊक!

हे उन्हाळ्यात गेले. मागे होडी एक आणि पोरं दोन. आमच्या घरची रीत अशी: थंडी पडायच्या आधीचे पाच-सहा आठवडे मोठे मासे बेटामागच्या खडकांत खेकडे फोडायला येतात. तेवढ्या दिवसांत जो कोणी गळाने हातभर मासा आणील, होडी त्याची. सासऱ्यांनी ह्यांना अशीच दिली. म्हणून एक दिवस थोरला जायचा, एक दिवस धाकटी. संध्याकाळी इंजिनाची किल्ली परत माझ्या गळ्यात.

धाकटीची बोटं दोरीने चिरलेली असायची, वर खारं पाणी. आणायची वीतभर, दीड वीत. ओट्यावर ठेवायची, मी ‘बेटाचा’ म्हणायचे, ती आंघोळीला जायची. बोलणं कमी. माझ्यावर गेली नाही.

थोरल्याची तऱ्हा वेगळी. आमिषाचा खेकडा कापायचा तर तोंड फिरवून, हातमोजे घालून, दुसऱ्याच्या पोराची शी काढावी तसा. आल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मग नखं हुंगायची. मासेमाराच्या पोटचा पोरगा आणि त्याला माशाची किळस! मला त्याच्या किळसेची किळस यायची. तरी थोरला तो थोरला. त्याच्या हाती होडी यावी असं मनात होतं, खोटं कशाला बोलू.

आणि त्या दुपारी त्याने हा आणला. हातभर काय, वर चार बोटं. पाठ काळी, पोट चांदीसारखं. जबड्यात गळ तसाच अडकवलेला. धक्क्यावरचे सगळे गोळा झाले. समोरची बर्फवाली, जिला गेल्या वीस वर्षांत माझं काही बरं झालेलं बघवलं नाही, तीसुद्धा बर्फ फोडायचं थांबवून आली. मला काय झालं कोण जाणे. ऊर भरून आला आणि अक्कल बाहेर पडली.

“बघून घ्या!” मी ओरडले. “बेटामागचा आहे! याच्या बापानंतर असा मासा या ओट्यावर आला नव्हता!”

गळ्यातली किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातात दिली.

धाकटी टोपली घेऊन मागे उभी होती. हळूच म्हणाली, “आई, तोंड बघ ना त्याचं.”

“जळतेस होय गं भावावर?” मी म्हटलं. “आधी स्वतः आणून दाखव!”

लोक हसले. तिने टोपली खाली ठेवली.

आचारी म्हणाला, “मावशी, साफ करून ठेवा, मी गाडीतून खोकं आणतो. आज खास पाहुणे आहेत, बेटाचा म्हणूनच वाढणार.” तो गेला. गर्दी पांगली. मी सुरी घेतली.

पोट फाडलं आणि बोटं पांढऱ्या चरबीत रुतली. आतड्याभोवती लोण्यासारखी गुंडाळलेली. बेटामागच्या माशाच्या पोटात खेकड्याची कवचं निघतात, बोट कापतं. इथे भिजलेल्या गोळ्यांचा करडा लगदा, आणि वास असा, की कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं पावसात भिजून आठवडा झालाय. चाळीस वर्षांत मला माशाची किळस आली नव्हती. त्या दिवशी आली. मग घातलं तोंडात बोट. गळाचं भोक सुईने पाडल्यासारखं स्वच्छ. झुंजलेल्या माशाचा जबडा फाटतो. याला गळ मेल्यावर टोचलेला.

थोरला नळावर हात धूत होता.

“इकडे ये,” मी म्हटलं. “कुठला?”

त्याने ओट्याकडे बघितलं आणि नजर वळवली. “पिंजऱ्याचा रखवालदार दोस्त आहे माझा. त्याने काढून दिला.”

“मेल्या, बापाच्या होडीत बसून?”

“आई, हळू बोल. मी कुठे म्हणालो बेटाचा म्हणून? मी तर नुसता ठेवला. बेटाचा तूच म्हणालीस, ओरडून, सगळ्यांसमोर.” मग जरा जवळ आला, पण ओट्याला अंग लागणार नाही इतकाच. “ती घाण बादलीत टाक. झाकली मूठ सव्वा लाखाची. तुझाच शब्द जाईल, माझं काय जातंय?”

तेव्हा मला खरी शिसारी आली. मासा त्याने पाण्यातून आणला नव्हता, माझ्या तोऱ्यातून काढला होता. म्हातारी एकदा बोलली की जीव गेला तरी मागे घेणार नाही, हा त्याचा हिशोब. आणि हिशोब चुकीचा नव्हता, याचीच जास्त लाज. कारण माझा हात खरोखर बादलीकडे गेला होता. मूठभर ती चरबी उचललीही होती. धाकटी बघत होती.

आचारी खोकं घेऊन येताना दिसला.

“काय मावशी, झाला का बेटाचा मासा?”

मुठीतली चरबी बोटांमधून बाहेर येत होती. मी मूठ ओट्यावर उघडली.

“पिंजऱ्याचा आहे,” मी म्हटलं.

“काय?”

“बहिरा आहेस का? पिंजऱ्याचा! मी चुकले. तोंड न बघता बोलले. पाहुण्यांना दुसरं काहीतरी वाढ.”

धक्क्यावरच्या माना वळल्या. मग बर्फवालीचा आवाज आलाच: “काय गं, चाळीस वर्षांत असे किती खपवलेस?”

उत्तर जिभेवर होतं, तिच्या बर्फात किती पाणी असतं त्याचं. गिळलं. त्या दिवशी तिला तो हक्क होता. आचाऱ्याने खोकं रिकामंच उचललं. “उद्या बघू, मावशी,” म्हणाला. रोज ‘उद्या येतो’ म्हणायचा.

मी थोरल्यापुढे हात केला. त्याने किल्ली दिली, दोन बोटांत धरून, माझा तळवा चरबीने माखलेला होता म्हणून. ती मी धाकटीपुढे धरली.

तिने घेतली नाही.

“मी अजून हातभर आणला नाही,” ती म्हणाली.

“पण तू पिंजऱ्याचाही आणला नाहीस. धर.”

“आधी बोल.”

“आता काय बोलायचं राहिलंय? आख्ख्या धक्क्याला बोलले!”

“धक्क्याला बोललीस. मला जळतेस म्हणालीस, त्याचं काय?”

पोटच्या पोरांपुढे मी कधी नमले नाही. आचाऱ्यापुढे बोलणं सोपं होतं, हे तेव्हा कळलं. “चुकले,” मी पुटपुटले.

“ते ओरडून म्हणाली होतीस.”

म्हणजे ही माझ्यावरच गेलीय! मी ओरडले. बर्फवालीचा बर्फ वितळेल एवढ्या आवाजात ओरडले, की माझी धाकटी जळत नव्हती, तिला दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं.

तिने किल्ली घेतली, ओढणीला पुसली आणि टोपली उचलून होडीकडे गेली. ओहोटी लागायला अजून तासभर होता.

मी ओटा धुवायला घेतला. थंड पाण्याने ती चरबी हटेना, नुसती पसरत गेली. थोरला अजून तिथेच उभा.

“गरम पाणी आण,” मी म्हटलं.

त्याने आणलं. नाकाला रुमाल लावून आणलं, पण आणलं. मी घासणी त्याच्या हातात दिली.

“हातमोजे?” त्याने विचारलं.

“नाहीत,” मी म्हटलं. “घास.”