हवेची गाडी राऊपर्यंत

हृषीकेशनं हवेवर चालणारी गाडी बनवली, तेव्हा राजेंद्र नगरातल्या त्यांच्या गल्लीतले लोक आधी हसले आणि मग तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढायला आले. एका जुन्या छोट्या गाडीचं इंजिन काढून त्यानं मागच्या सीटखाली दाबलेल्या हवेची टाकी बसवली होती. हवा सुटली की मोटर फिरायची आणि मोटर फिरली की चाकं. पेट्रोल नाही, धूर नाही. "राजवाड्याच्या गल्ल्यांतून अशा रिक्षा धावल्या ना ताई, तर लोक नाकावरचा रुमाल काढतील," असं तो म्हणायचा.

त्याची मोठी बहीण अरुंधती पीथमपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसरचं काम बघायची. तिला त्या गाडीतलं स्वप्नही दिसत होतं आणि खोटही. हवा दाबताना बरीचशी वीज नुसती उष्णता होऊन वाया जाते. तीच हवा सुटताना भलतीच गार होते, इतकी की नळ्यांवर बर्फ धरतो. हवेत जरा ओल राहिली तर तो बर्फ नळ्यांच्या आतही धरतो. म्हणून भरण्याआधी हवा कोरडी करावी लागे, आणि फिल्टरमधले ओल शोषणारे दाणे वेळच्या वेळी बदलावे लागत.

जानेवारीतल्या त्या सकाळी बोटं सुन्न पडावीत अशी थंडी होती. महूला लक्ष्मीकांत शितोळे वाट बघत होते. त्यांच्या मालवाहू गाड्यांचा मोठा धंदा. ही गाडी पसंत पडली तर ते पुढच्या कामात भागीदार होणार होते. स्टिअरिंगवर बसताना अरुंधतीनं विचारलं, "दाणे बदललेस?"

"बदलले गं. टेन्शन नको घेऊ यार." हे बोलताना हृषीकेश समोरच्या काचेवरचं दव पुसत होता.

मागे बाबा बसले. तिनं त्यांना घरी थांबा म्हणून विनवलं होतं, पण वासुदेवराव मिलमध्ये युनियनचं काम केलेले, ऐकतात कसले! "घरचंच माणूस बसत नाही म्हटल्यावर परका कशाला बसेल?" असं म्हणून त्यांनी मफलर गुंडाळला आणि दार ओढून घेतलं.

गाडी निघाली, आणि पहिली काही मिनिटं अरुंधती सगळ्या शंका विसरली. चहाच्या टपरीवर कोणीतरी ओरडलं, "क्या बात है भिया!" मोटरचा आवाज म्हणजे शिवणयंत्राची धडधड. मागून निघणारी हवा इतकी थंड आणि स्वच्छ, की मागचा स्कूटरवाला मुद्दाम जवळ येऊन हुंगून गेला. हृषीकेश मोबाइलवर व्हिडिओ काढत होता आणि हसत होता.

राऊच्या अलीकडे रस्त्यावर गर्दी दिसली म्हणून तिनं पेडलवरून पाय काढला.

गाडी हळू झाली नाही.

तिनं पेडल पुन्हा दाबून सोडलं. काही फरक नाही. उलट धडधड वाढली. तिनं दाबाच्या काट्याकडे पाहिलं, तो वर चढत होता. टाकीतून येणारा दाब कमी करून मोटरला देणारा व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता, आणि वेगाचा व्हॉल्व्हही मिटत नव्हता.

"हृषी, किल्ली बंद कर!"

त्यानं किल्ली फिरवली. दिवे विझले, धडधड तशीच. "ताई, बंद नाही होत आहे!"

मोटर थेट मागच्या चाकांना जोडलेली होती. 'जितके पार्ट कमी तितकी भानगड कमी' म्हणून त्यानं क्लच ठेवलाच नव्हता. तिनं ब्रेकवर दोन्ही पाय रोवले. गाडी कुरकुरली, थोडी दबली, पण मोटर ढकलतच राहिली, आणि ब्रेकचा करपट वास आत भरला. पुढे बटाट्यांची पोती लादलेली ट्रॅक्टरची ट्रॉली रांगत चालली होती. डाव्या बाजूला शाळेची बस थांबून मुलं चढवत होती. उजवीकडून ट्रक येत होते.

"बाबा!" ती ओरडली. "तुमच्या सीटच्या मागे, उजव्या हाताला, लाल चाक आहे. घट्ट बंद करा! हृषी, हँडब्रेक ओढ!"

मागून वासुदेवरावांची धडपड ऐकू आली. "सापडलं. फिरत नाही गं. बर्फ जमलाय याच्यावर."

"जोर लावा बाबा, उजवीकडे!"

तेवढ्यात सीटखालून किंकाळीसारखी शिट्टी सुटली. नळीतला दाब वाढला म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला होता. गाडीत पांढरं धुकं दाटलं. काचेतून काही दिसेना. अरुंधतीनं डोकं खिडकीबाहेर काढलं आणि हॉर्न दाबून धरला. ट्रॉलीवरचा माणूस मागे वळून हात हलवू लागला. त्याचा उघडा जबडा तिला स्पष्ट दिसला. हृषीकेश दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढत होता आणि रडव्या आवाजात "बाबा, बाबा" करत होता.

मग मागून एक हुंकार आला आणि धडधड घोगरी झाली, तुटली, थांबली. चाकांवरचा जोर गेला. ब्रेकनं एकदाची पकड घेतली. ट्रॉलीच्या मागच्या फळीला बंपर टेकला, एक पोतं घरंगळून बॉनेटवर आलं, आणि बटाटे रस्ताभर पसरले.

कोणाला लागलं नव्हतं. पण वासुदेवरावांनी मफलर सोडून उघड्या हातानंच चाक पकडलं होतं, कारण मफलर सारखा निसटत होता. गोठलेल्या लोखंडाला तळवा चिकटला आणि कातडी तिथेच राहिली. ते हात मनगटाशी धरून रस्त्याच्या कडेला बसले होते, शांत, राखेसारख्या चेहऱ्यानं. अरुंधतीनं त्यांचा हात स्वच्छ ओढणीत अलगद गुंडाळला आणि येणारी रिक्षा अडवली.

"दाणे बदलले होतेस?" तिनं पुन्हा विचारलं.

हृषीकेशनं मान खाली घातली. "दुकान बंद होतं ताई. मला वाटलं, एका दिवसाने काय होतं."

तिनं बाबांना धरून रिक्षात बसवलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं असावं. तुकोगंजच्या दवाखान्यात डॉक्टर पट्टी बांधत होते, तेव्हा बाहेरच्या बाकावर त्याचा फोन वाजला. शितोळ्यांचा होता. "पंक्चर झालं म्हणून सांगतो," तो कुजबुजला. "उद्या दाखवू."

"जे झालं ते सांग."

"ताई, ते हात वर करतील."

"करू देत. उद्या त्यांचा ड्रायव्हर त्या सीटवर बसला असता, हृषी. नाहीतर त्या बसमध्ये चढणाऱ्या एखाद्या पोराला धडकलो असतो."

फोन वाजून वाजून थांबला. मग त्यानं स्वतःच नंबर लावला. पंक्चरपासून सुरुवात केली, अडखळला, आणि मग सगळं सांगितलं, दाण्यांचंही. पलीकडून शितोळ्यांनी पहिल्यांदा बाबांच्या हाताची चौकशी केली. मग म्हणाले, "रस्त्यावर ही गाडी मी घेणार नाही, हृषीकेशजी. आत्ता तर नाहीच."

हृषीकेशनं फोन खिशात टाकला आणि तोंड हातांत लपवून घेतलं. अरुंधती त्याच्याजवळ सरकली, पण त्याच्या पाठीवर हात ठेवणं तिला जमलं नाही. आतून बाबा कण्हल्याचा आवाज आला, तशी ती उठून आत गेली.

होळीपर्यंत दोघांत कामापुरतंच बोलणं होतं. त्या काळात गाडीला क्लच बसला, टाकी बंद करायचा दांडा ड्रायव्हरच्या हाताशी आला, आणि गार हवेला ऊब देणारी नळ्यांची वेटोळी जोडली गेली. गाडी जड झाली, आधीपेक्षा कमी अंतर जाऊ लागली. अरुंधतीनं एका बंद मैदानात ती हळूहळू फिरवली, दहा वेळा थांबवली, पुन्हा चालवली. अकराव्यांदा थांबवल्यावर तिनं उतरून भावाला हाक मारली आणि किल्ली त्याच्या हातात दिली.