निळे चिमटे

गिऱ्हाइकांचे शिवलेले कपडे पोचवून थोरली घरी आली आणि आधी परसात गेली. फ्लॉवरची पानं पुन्हा मिटलेली होती. कुणीतरी ती वर ओढून गड्डे पुरते झाकले होते आणि वर कपड्यांचे चिमटे लावले होते. निळे चिमटे कुणाच्या दोरीवर असतात, हे तिला वेगळं सांगायला नको होतं.

कुंपणापलीकडे धाकटी जाऊ राहायची. "ताई, ब्लाउज काखेत काचतोय," असं ती चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाली, तेव्हापासून दोघींची बोलाचाल बंद होती. शेजारच्या वाफ्यातल्या कोबीची अळ्यांनी चाळण केली, तेव्हाही थोरलीने अळ्यांपेक्षा जावेवरच जास्त संशय घेतला होता. आता तर फ्लॉवर गुदमरवून मारायचा डाव उघडच दिसत होता.

रोज ती चिमटे काढायची आणि बटणांच्या डब्यात टाकायची. मागायला येऊ दे, मग बघते. पण मागायला कुणी येईना आणि चिमटे काही थांबेनात. शेवटी तिने कुंपणातलं फाटक बंद करायला सुतार बोलावला.

"दोन खिळे पुरेत," सुतार म्हणाला.

"चांगले लांब मार. निघता कामा नयेत."

"चोरांची भीती आहे का?"

"चोर परवडले. घरचीच माणसं आहेत."

त्यानंतर चिमटे थांबले. पण काढणीला आले तेव्हा सगळे गड्डे जुन्या अस्तरासारखे पिवळट पडले होते. पाण्याच्या पिंपामागे एक रोप तिच्या नजरेतून सुटलं होतं. त्याचा चिमटा काढून तिने पानं उघडली. आतला गड्डा पांढराशुभ्र होता.

जावेने उन्हापासून झाकले होते ते. थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पलीकडे धाकटी मातीत पडलेला शर्ट झटकत होती. दोरीवर एकही चिमटा नव्हता. तिने शर्टाच्या बाह्या दोरीला बांधल्या.

थोरली बटणांचा डबा घेऊन फाटकाशी गेली. सवयीने ढकललं, ते हललं नाही.

"अगं, तो ब्लाउज घेऊन ये," ती म्हणाली. "काखेत सैल करून देते."

धाकटीने खिळ्यांकडे पाहिलं.

"कुठून येऊ, ताई?"

थोरली आत गेली आणि मशीनवरची मोठी कात्री घेऊन आली. त्या कात्रीने तिने आजवर कुणाला कागदसुद्धा कापू दिला नव्हता. तिचं टोक तिने पहिल्या खिळ्याखाली घातलं आणि जोर लावला.