सीटखालचा जोड

सासऱ्यांवर मी चोरीचा संशय घेत होते, आणि घेताना मला काही वाईटही वाटत नव्हतं. माणूस घरातला आहे, वयस्कर आहे, हे सगळं खरं. पण माझ्या गाडीचं काहीतरी होत होतं, आणि ते मी कामावर गेल्यावरच होत होतं.

गाडी माझी, नवऱ्याची नाही. हे आधीच सांगते, कारण लोक गाडीबद्दल विचारतात मला आणि उत्तरासाठी बघतात त्याच्याकडे. छोटी, डबीसारखी जपानी गाडी, वयाने माझ्याच बरोबरीची, तीन सिलिंडरची. बोनेटवर हवा आत घ्यायला चौकोनी तोंड आणि आत मुठीएवढा टर्बो. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुरावर गरगरणारा पंखा. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. एका परक्या माणसाच्या शेडमधून, टपावरच्या कोंबड्या हाकलून, मी ती ओढत घरी आणली होती. इंजिन पूर्ण उघडलं, पिस्टन नवे टाकले आणि आता त्या मुठीएवढ्या टर्बोच्या जागी मोठा टर्बो बसवला होता. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर जुन्या गाड्या पळवायचा दिवस ठरला होता. मी चालवणार होते आणि नवरा शेजारी बसून हवेच्या दाबाचा काटा वाचणार होता.

बाबा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर पत्र्याचं काम करत आले. ठोकलेल्या, चेपलेल्या गाड्यांना पुन्हा गाडीचं रूप द्यायचं, हा त्यांचा धंदा. गाडीच्या पातळ पत्र्यावर रॉडने वेल्डिंग करताना भल्याभल्यांच्या हातून भोक पडतं, बाबांच्या हातून पडत नसे, आणि हे ते जेवताना सांगायचे. माझं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी मला इंजिन टांगायला लोखंडी घोडा करून दिला होता. सुनेला कोणी असलं काही देतं का, म्हणून सगळे हसले. मला मात्र तेव्हाच हा माणूस आवडला. त्या घोड्यावरच्या वेल्डिंगच्या प्रत्येक टाक्याच्या टोकाला एक बारीक शेपटी आहे, डावीकडे वळलेली. टाका संपला की बाबांचं मनगट तसं वळतं. आमच्या फाटकावर, सासूबाईंच्या स्टुलावर, सगळीकडे ती शेपटी आहे. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या बनवते. मेणाचा दात बघून तो कोणाच्या हातचा हे मी सांगू शकते, त्यामुळे असल्या गोष्टी माझ्या नजरेतून सुटत नाहीत.

गाडी आणली त्या दिवशी बाबांनी तिला एक चक्कर मारली. दाराखालच्या कडेवरून हात फिरवला, घागरीच्या बुडाला चीर शोधावी तसा. मग हात धुतले, आत गेले आणि जेवलेच नाहीत. मी मनात म्हटलं, झालं, सुनेचं हे खूळ काही पटलेलं दिसत नाही.

सकाळी मात्र स्वतःच म्हणाले, “आतलं काम माझ्याकडे. तळ, गालिचा, सीटा. तू तिकडे हात लावायचा नाही. तू इंजिन बघ.”

मी हरखून गेले होते. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

मोठ्या टर्बोचा विषय निघाल्यापासून त्यांचं बिनसलं.

“होता तो काय वाईट होता?” त्यांनी विचारलं.

“दमला होता, बाबा.”

“मीपण दमलोय. मला बदलणार का?”

“विचार करायला हरकत नाही,” सासूबाई आतून म्हणाल्या.

हसलो सगळे, बाबा सोडून. आणि त्यानंतर एकेक गोष्ट दिसायला लागली. संध्याकाळी घरी आले की गॅरेजमध्ये ताज्या प्रायमरचा, रंगाखाली देतात त्या लेपाचा, वास यायचा, आणि प्रायमर लावण्यासारखं तर काहीच बाकी नव्हतं. दोरीवर वाळत घातलेल्या बाबांच्या बनियनला मोहरीएवढी जळकी भोकं. डोळे लालभडक. काय झालं विचारलं तर म्हणाले, कांदा चिरला. या माणसाने आयुष्यात कांदा हातात धरलेला मी पाहिला नाही.

मी सापळा लावला. लॅबमधलं गुलाबी मेण आणलं आणि त्याचा केसाएवढा धागा गाडीच्या दारापासून चौकटीपर्यंत चिकटवून कामावर गेले. संध्याकाळी धागा तुटलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला, तोही तुटला. मग मी सगळे सुटे भाग तपासले. जुना टर्बो जागच्या जागी, दिवे, चाकांच्या टोप्या, आरसे, सगळं होतं. असल्या भागांवर हौशी लोक टपलेले असतात म्हणून मला वाटलं होतं की बाबा काहीतरी विकताहेत. चोरी नव्हती, आणि खरं सांगते, त्याने मी जास्तच चिडले. चोराला काय हवं ते निदान कळतं.

मग गाडी चालवून बघायला काढली. नवऱ्याला शेजारी बसवलं. मोकळ्या रस्त्याला लागून पाय दाबला तर काटा वर चढला आणि फुस्स करून खाली आला. टर्बोकडून येणाऱ्या हवेच्या पाइपाची क्लिप ढिली होती. ती मी स्वतः आवळली होती. पुन्हा आवळली. दोन दिवसांनी पुन्हा ढिली.

“बाबाच करताहेत हे,” मी नवऱ्याला म्हटलं.

“बाबा? क्लिप ढिली करत बसतील?”

“मग कोण, तुझी आई?”

“तुला आता भिंतीवरच्या पालीचाही संशय येईल,” तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

त्याचे वडील, त्याला काय वाटणार. मला मात्र पक्कं कळून चुकलं होतं की या घरात कोणालातरी माझी गाडी धावायला नको आहे. सासूबाईंनासुद्धा हे माहीत असणार, असंही वाटायला लागलं होतं. धावपट्टीचा दिवस तोंडावर आला, तेव्हा मी लॅबमध्ये डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि भर दुपारी घरी आले.

सासूबाई गॅरेजच्या दाराशी स्टूल टाकून मटारच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या तिथे कधी बसत नाहीत. मला बघून म्हणाल्या, “अगं, आज लवकर आलीस?” आणि हे इतक्या मोठ्याने, की माझ्यासाठी नव्हतंच ते. आत काहीतरी खणकन पडलं.

“सरा आई,” मी म्हटलं. त्या सरल्या नाहीत. मी त्यांना वळसा घालून आत गेले.

नवऱ्याची सीट बाहेर काढून ठेवली होती. गालिचा गुंडाळून मागे सारला होता. बाबा गाडीत गुडघ्यांवर, मास्क कपाळावर, हातात रॉडचा चिमटा. मी टॉर्च घेतला आणि वाकले.

तळावर नव्या पट्ट्या ओळीने बसवल्या होत्या. सुरेख काम होतं, टाक्याला टाका, आणि प्रत्येक टाक्याची शेपटी डावीकडे. पट्ट्यांच्या फटीतून खाली एक जुना जोड दिसत होता. तो दाराच्या कडेपासून निघून गाडीच्या मधोमध जात होता, आणि पलीकडे माझ्या सीटखाली शिरत होता. मी माझ्या बाजूचा गालिचा उपटला. तिकडे पट्टी नव्हती. नुसता जुना जोड, गंजाने पापुद्रे सुटलेला. मी नखाने गंज खरवडला, आणि टॉर्च जवळ नेला.

त्या टाक्याच्या टोकाला शेपटी होती. डावीकडे वळलेली.

मी टॉर्च विझवला आणि सरळ झाले.

“हा जुना जोडही तुमचाच आहे,” मी म्हटलं.

बाबा खाली बघत होते. “दोन गाड्या होत्या. एकीचा मागचा भाग चेंदामेंदा झालेला, दुसरीचा पुढचा. दोन्ही मधून कापल्या आणि चांगले भाग जोडले.”

“आणि अख्खी म्हणून विकलीत.”

“हो.”

“घेणाऱ्याला सांगितलंत?”

“त्याने विचारलं नाही.”

“विचारलं असतं तर?”

बाबांनी हातमोजा काढला, पुन्हा घातला. “नसतं सांगितलं.”

याच गाडीत त्यांच्या मुलाला बसवून मी पाय दाबला होता.

“क्लिप?”

“मीच. काम पुरं होईपर्यंत तू जोरात पळवू नयेस म्हणून. लहान टर्बोवर जोड टिकला असता कदाचित. याच्यावर नाही.”

“मला सांगता आलं असतं.”

“आलं असतं,” ते म्हणाले. “तू मला ज्या नजरेने बघतेस, ती गेली असती.”

ते ऐकून मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. त्या रागातच तोंडातून गेलं, “म्हणजे मुलाची बाजू आधी केलीत. माझी तशीच.”

“नाही गं,” ते पटकन म्हणाले. “तुझी सीट तू रोज बघतेस. ती हलवली असती तर तुला लगेच कळलं असतं.”

हे खरंच असणार. माझ्या मेणाच्या धाग्यांचं त्यांना माहीत नसेल, पण माझा स्वभाव माहीत होता. तरी मी खरं मानायला तयार नव्हते. पाना घेतला, माझ्या सीटचे बोल्ट एकेक करून सोडवले, सीट बाहेर ओढली. त्यांनी मदतीला हात पुढे केला, तो मी बाजूला सारला. मग जागा मोकळी केली.

“करा आता. मी बघणार आहे.”

ते गुडघ्यांवर सरकत माझ्या बाजूला आले. पट्टी बसवून पाहिली, कड ठोकली, चिमट्यात नवा रॉड अडकवला. त्यांच्या हाताकडे बघताना मला ते सुचलं. ही एक गाडी फिरून फिरून घरी आली, म्हणून त्यांना दुरुस्त करता येत होती.

“बाबा,” मी म्हटलं. “अशा किती केल्यात?”

त्यांनी मास्क तोंडावर ओढला आणि रॉड पत्र्याकडे नेला.

मी वेल्डिंग मशीनचं बटण बंद केलं.

दाराशी शेंगा सोलायचा आवाज थांबला. “सांगा तिला,” सासूबाई म्हणाल्या.

बाबांनी मास्क वर केला नाही. रॉड पत्र्यावर नुसताच टकटक वाजत राहिला, ठिणगी काही पडत नव्हती.