दोन नावांचा पुठ्ठा

धप्. थोडं थांबून पुन्हा धप्.

मी ऐकलेला पहिला आवाज हाच. जयपूरच्या विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात खोकी बनवायचा एक लहानसा कारखाना होता. तिथं एक जड पातं वरून खाली यायचं आणि लांबलचक करड्या तावातून आमचे चौकोन कापून काढायचं. एका धप् मध्ये मी तावापासून सुटा झालो. मी एक पुठ्ठा. शिक्षण म्हणाल तर काहीच नाही. माझ्या अंगावर जी अक्षरं चिकटली, तेवढीच मला येतात. पण त्या थोड्या अक्षरांनी मला जे दाखवलं, त्याचं नवल अजून सरत नाही.

मला आधी रजईच्या खोक्याचं झाकण केलं. जवळच्या झोटवाड्यातल्या एका दुकानात मी हिवाळ्याची वाट बघत बसलो. २००३ साल असावं. थंडी पडली तेव्हा शेषराव ती रजई घेऊन गेले, आणि रजईबरोबर मीही गेलो.

शेषराव वाशीमकडचे. रेल्वेत सांधेवाला होते, म्हणजे गाडी कोणत्या रुळावर जायची ते सांधे बदलणारे. बदली होत होत जयपूरला आले आणि निवृत्त होऊन इथंच राहिले. शाळा चौथीपर्यंत. घरात त्यांची बायको सुलोचनाबाई आणि रेल्वेतच कारकून असलेला मुलगा विशाल. माझा जन्म इथला, तेव्हा मराठी मी याच घरात शिकलो. म्हणून ती थोडी वऱ्हाडी आहे, समजून घ्या.

रजई निघाली, खोकं फाटलं. मी दोन वर्षं पिठाच्या डब्याखाली होतो. डबा ओढला की माझी एक कड झिजायची. तक्रार नाही. डब्याखाली कोणीतरी लागतंच.

पिठाखालून मी शेषरावांना रोज बघायचो. सकाळी फिरायला जायचे आणि येताना कागद घेऊन यायचे. भिंतीवरून सुटलेल्या पोस्टरचा तुकडा, साबणाचं वेष्टन, लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, देवळातलं होळीच्या फागोत्सवाचं पत्रक. पितळी परातीत कोमट पाणी घेऊन पोस्टर भिजवायचे आणि त्याचे पापुद्रे अलगद सोडवायचे. मग मिशा कापायच्या छोट्या कात्रीनं त्यातली अक्षरं कापून काढायची, अन् मैद्याच्या खळीनं पुठ्ठ्यावर लावायची. खळीत चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. कोणी शिकवलं नव्हतं. सांध्याच्या केबिनमध्ये दोन गाड्यांच्या मधला वेळ जाईना, तेव्हा लागलेली सवय.

"आबा, रद्दीवाला म्हणतो, तुमच्या घरून जाळी मिळते, रद्दी नाही," विशाल म्हणायचा.

"भोकांचं वजन कमी भरते, म्हणून रडून राहिला तो," शेषराव म्हणायचे.

एक दिवस त्यांनी डबा उचलला, मला झटकलं, उन्हात धरलं आणि दोन्ही बाजू तळहातानं चाचपल्या. मला पहिल्यांदा कळलं की मला दोन बाजू आहेत.

त्या थंडीत माझ्या एका बाजूवर चार अक्षरं बसली. 'सु' सुपारीच्या जाहिरातीतला, लाल. 'लो' लोहाराच्या दुकानाच्या पत्रकातला, निळा. 'च' चहाच्या पुड्यावरचा. 'ना' एका जुन्या नाटकाच्या पोस्टरमधला, वीतभर उंच. मी चकित झालो. कोणी सुपारी विकत होतं, कोणी नाटकाला बोलावत होतं. ते सगळे गलका करत आले, माझ्यावर एका ओळीत उभे राहिले आणि एका बाईचं नाव झाले.

सुलोचनाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी पदराला हात पुसले आणि विचारलं, "काय लिहिलं हाय?"

"आई, तुझंच नाव आहे," विशाल म्हणाला. "मतलब, सुलोचना. बघ ना, आबांनी काय सुंदर बसवलंय!"

"लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं मीच काढलं होतं हे नाव," शेषराव छाती पुढं काढून म्हणाले. "तांदूळ तं त्याच दिवशी शिजले. म्हटलं, आता पक्कं करावं."

"चांगलं झालं," सुलोचनाबाई म्हणाल्या. "खळ जमिनीवर सांडली हाय, तेवढी पुसून घ्या."

मला सुतळी बांधून पुढच्या खोलीत खिळ्याला लावलं. शेषराव येता-जाता माझ्याकडे बघायचे. बाई बघायच्या नाहीत. झाडताना धूळ पुसायच्या, पण टेबलाची पुसावी तशी.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर विशालच्या मोबाइलवर वाशीमहून फोन आला. सुलोचनाबाईंचे थोरले भाऊ आनंदराव गेले. मातीला पोचणं शक्य नव्हतं, गाडीला दीड दिवस लागायचा. बाई रडल्या नाहीत. माझ्यासमोर भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "मले गुंफा म्हणणारा तो एकच उरला होता."

शेषराव चमकले. "गुंफा?"

"माहं नाव. आईनं ठेवलेलं. तुमच्याकडं आले अन् ताटात दुसरं निघालं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या घरात पहिल्यांदाच नीट. "हे तुमच्या घरचं नाव हाय. चांगलं हाय. मी कुठं वाईट म्हणते? पण आता गुंफा कोणालेच माहीत नाही."

शेषरावांनी ते नाव लग्नाआधी एकदा ऐकलं असेल, पुढं चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात विसरूनही गेले होते. ते स्वतः बाईंना 'अवं' म्हणायचे.

त्यानंतर बाई घरात कामापुरतं बोलायला लागल्या. जेवण अर्धं झालं. शेषराव मात्र रोज कागद हुडकायचे आणि रोज नाराज होऊन परत यायचे. अक्षरं मिळत होती, पण त्यांच्या मनास येत नव्हती. एक दिवस मला खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं आणि हळूच म्हणाले, "इथली अक्षरं नाही चालायची. वाशीमचीच पाहिजेत."

दुसऱ्या दिवशी बाई शेजारी पापड लाटायला गेल्या, तेव्हा त्यांनी कोपऱ्यातली ट्रंक उघडली. आनंदराव दर भाऊबीजेला बहिणीला लुगडं पाठवायचे, कोणी येणारं-जाणारं असलं की त्याच्या हाती. लुगडं तिकडच्या मराठी वर्तमानपत्रात बांधलेलं असायचं. ते कागद ट्रंकेच्या तळाशी होते. लोक ट्रंकेत कागद अंथरतात तसेच हे असतील, असं शेषरावांना वाटलं. त्यांनी ते काढले आणि त्यांच्या जागी हिंदी वर्तमानपत्राचे कोरे करकरीत ताव घातले, कडा नीट बसवून. एखादं चांगलं काम उरकल्यासारखे खूश होते.

मग मला पालथं केलं. माझी दुसरी बाजू वर आली.

आठ दिवस काम चाललं; बाई आल्या की मला पालथं करून ठेवायचे. मोतीबिंदूनं त्यांना धूसर दिसायचं, म्हणून बोटांनी कडा चाचपून कापायचे. ठळक मथळ्यांचे, बाजारभावाचे, पावसाच्या बातम्यांचे तुकडे एकमेकांना जोडून त्यांनी दोनच मोठी अक्षरं उभी केली. शेकडो बारीक अक्षरं त्या दोन अक्षरांच्या पोटात गेली. वर्तमानपत्राचं आयुष्य एका दिवसाचं, असं आमच्या कागदांत सगळे समजतात. इथं वीस वर्षांपूर्वीचा कापसाचा भाव एका बाईच्या नावाचा उकार होऊन वळत होता.

फक्त एका गोष्टीनं शेषराव वैतागले होते. त्या जुन्या कागदांच्या घड्या जाईनात. कागद भिजवले, चमच्याच्या पाठीनं घासले, मला रात्रभर पाट्याखाली दाबून ठेवलं. तरी घडीच्या रेषा उठूनच राहिल्या. माझ्या अंगाला त्या लागायच्या.

नवव्या दिवशी बाईंनी ट्रंक उघडली.

"माहे कागद कुठं हायेत?"

"नवे घातले ना. ते पिवळे पडले होते."

"जुने कुठं हायेत?"

शेषरावांनी परातीकडे बोट केलं. परातीत नुसते कातरलेले काठ उरले होते. मी पालथा होतो, 'सुलोचना'ची बाजू वर.

"मले वाटलं, अंथरलेले हायेत," ते म्हणाले. "तुले वाचता तं येत नाही…"

"वाचाले कशाले पाहिजे? दादाच्या हातच्या घड्या होत्या त्या कागदांवर. तो लुगडं बांधे, मी सोडे, अन् कागद त्याच घडीवर मिटून ठेवे. एक घडी मी बदलली नव्हती." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं. "आता काहीच नाही राहिलं माह्याजवळ."

शेषरावांचे हात मांडीवर पडले. त्यांना मला उलटवायचाही धीर होईना.

शेवटचं सांगण्याआधी वाचणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. मी आता जुना झालोय, एक कड गेलीय, जास्त दिवस काढीन असं नाही. तुमच्या घरातल्या म्हातारीला तिचं आधीचं नाव एकदा विचारा. ते कुठं छापलेलं सापडणार नाही. तिला विचारूनच कळेल. बस, एवढंच.

तर शेषरावांनी अखेर मला उलटवलं आणि दोन्ही हातांनी बाईंपुढं धरलं.

"इकडं पाय," ते म्हणाले. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर, आणि ज्या माणसानं जन्मभर 'अवं' म्हटलं तो म्हणाला, "गुंफा."

बाई जवळ आल्या. आधी हात लावेनात. मग एक बोट 'फा'वर ठेवलं, आणि ते बोट थांबलं. तिथं घडी होती. आडवी, उठलेली. त्या रेषेवरून बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश गेलं. मग दुसरी घडी सापडली. मग 'गुं'वरची उभी. एकेक करून साऱ्या सापडल्या.

"त्या काही केल्या जात…" शेषराव बोलायला लागले.

बाईंनी मला त्यांच्या हातातून घेतलं. सुतळी सरळ केली आणि मला पुन्हा खिळ्याला लावलं. गुंफा खोलीकडे, सुलोचना भिंतीकडे. कडेला खळीचा एक वाळलेला थेंब होता, तो नखानं काढला. क्षणभर त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

मग त्या आत निघून गेल्या.